मोपाला विमान दीड तास खोळंबलं, पेपरात दंडाची बातमी आली: मग विमान कंपन्यांवर लक्ष नेमकं कोण ठेवतं?

बाब, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चवथीला तुम्ही गोव्यात साखळीला घरी आलात, परतताना आईला घेऊन मोपाहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, मुंबईच्या विमानात बसलात. 'टेक्निकल'मुळे दीड तास थांबवलं, खिडकीतून बघितलं तर दोघं जण चाकाजवळ वाकून टॉर्च मारत होते, पंखावर एका ठिकाणी चक्क चंदेरी टेप चिकटवलेली, आणि आठवड्याने पेपरात वाचलं की त्याच कंपनीला डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्रुटींबद्दल काही लाखांचा दंड केला. तेव्हा तुमचं म्हणणं असं की तपासणी खरंच होते का सगळं कागदावर, त्रुटी सापडल्या तर उडू का देतात, आणि पुढच्या वेळी आईला थिवीहून ट्रेननेच न्यावं का. कंपनी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, बरं केलं, मलाही नको.

मी कोण ते सांगतो, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एएमई, म्हणजे विमानाचा लायसन्सवाला मेंटेनन्स इंजिनिअर. बरीच वर्षं दाबोळीला, गोव्याच्या जुन्या विमानतळावर, रॅम्पवर म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी रात्रपाळ्या केल्या, नंतर क्वालिटीत गेलो, म्हणजे आपल्याच कंपनीच्या चुका शोधायचा पगार. डीजीसीएत कधीच नव्हतो, मी त्यांच्यासमोर फाइल घेऊन उभा राहणारा माणूस. आता रिटायर, पेडण्यात घरी असतो, मोपाची विमानं डोक्यावरून जातात आणि आवाजावरून इंजिन ओळखायची सवय अजून गेलेली नाही, बायको वैतागते.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती आधी बाजूला करू. आपल्याला वाटतं की आरटीओ जसा गाडीला पासिंग देतो तसा कोणीतरी सरकारी माणूस विमान बघतो आणि मग ते उडतं. तसं होत नाही आणि होऊ शकतही नाही. देशातल्या कंपन्यांकडे मिळून आठेकशे विमानं आहेत, एकेक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, कोण कोण कुठे कुठे बघणार? २०१८ ला मासळीत फॉर्मेलिनचं प्रकरण झालं तेव्हा एफडीएवाले, म्हणजे अन्न-औषध खात्याचे लोक, मडगावच्या होलसेल मार्केटात मासळी तपासत होते, पण घरोघरच्या कढईतला बांगडा काही त्यांनी हुंगला नाही ना. ते जिथून माल येतो तिथे हात घालतात. इथेही तेच, डीजीसीए मुळात विमान तपासत नाही, विमान तपासणारी जी कंपनीची स्वतःची यंत्रणा असते ती जिवंत आहे की मेलेली आहे हे तपासते. विमानाजवळ येऊन टॉर्च मारते ती त्याची खूण पटवायला. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

आता यंत्रणा म्हणजे काय. कंपनीला उडायला एअर ऑपरेटर सर्टिफिकेट लागतं, लोक एओसी म्हणतात. ते मिळताना विमानं किती यापेक्षा माणसं कोण हे जास्त बघतात. एक अकाउंटेबल मॅनेजर असावा लागतो, ज्याच्याकडे पैसे खर्च करायचा अधिकार आहे आणि काही चुकलं तर जबाबदारीही त्याचीच, 'मला खालच्यांनी सांगितलं नाही' हे चालत नाही. मग मेंटेनन्सचा प्रमुख, क्वालिटीचा, फ्लाइट सेफ्टीचा, ऑपरेशन्सचा, ट्रेनिंगचा, ही मंडळी डीजीसीएला मान्य असावी लागतात. त्यांची मॅन्युअल्स मंजूर होतात आणि इथून पुढे कंपनीला मोजायची पट्टी म्हणजे तिचंच मॅन्युअल. ऑडिटरचा आवडता प्रश्न असा असतो की तुम्ही इथे लिहिलंय रोज अमुक करतो, मग दाखवा कालचं. अर्धे लोक इथेच पडतात. फार सुंदर सुंदर मॅन्युअल लिहिणाऱ्या कंपन्यांची मला म्हणूनच भीती वाटते.

विमानाचंही स्वतंत्र आहे. एअरवर्दिनेस सर्टिफिकेट असतं आणि त्याच्या जोडीला दर वर्षीचं रिव्ह्यू सर्टिफिकेट, ज्यात वर्षभराची सगळी कामं, बदललेले पार्ट, उत्पादकाच्या देशाने काढलेले सक्तीचे आदेश पाळले का ते सगळं खणून काढतात. ते कंटाळवाणं काम आहे, त्यात नाट्य काही नाही, म्हणून पेपरात येत नाही, पण माझ्या मते खरी सुरक्षितता तिथेच बसलेली असते.

मग येतात भेटी. डीजीसीएचा दर वर्षीचा निगराणीचा आराखडा असतो, कोणत्या कंपनीच्या कोणत्या बेसवर कधी ऑडिट, त्यातलं बरंचसं कंपनीला आधी माहीत असतं. मोठ्या ऑडिटला टीम येते, दिवसचे दिवस बसते. ते आले की ऑफिसात नवीन फायली, नवीन रंग, कँटीनमध्ये चांगली भजी, हे सगळं खरं आहे, नाकारत नाही. पण त्याशिवाय न सांगता येणारे स्पॉट चेक असतात, रॅम्प इन्स्पेक्शन असतात, मुद्दाम रात्रीच्या वेळच्या भेटी असतात, आणि कॉकपिटच्या मागच्या जंप सीटवर बसून येणारे फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर असतात, जे स्वतः पायलट असतात आणि दोघं पायलट एकमेकांशी कसे बोलतात, चेकलिस्ट वाचतात की पाठ म्हणतात, ते शांतपणे बघत बसतात. गोव्याला हे लोक बहुतेकदा मुंबईहून येतात, त्यामुळे आमच्याकडे एक भोळी समजूत होती की आजच्या शेवटच्या फ्लाइटने कोणी आलं नाही म्हणजे रात्र आपली. ती एका रात्री मोडली, ते सविस्तर सांगतो कारण तुमच्या 'कागदावर का' या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ऑक्टोबर होता, सीझन नुकता सुरू झालेला. कंपनीचं नाव नको. रात्री साडेदहाला विमान उभं होतं त्या बेवर एक बाई उभ्या, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, गळ्यात पास, हातात स्वतःची टॉर्च. एअरवर्दिनेस ऑफिसर, वय पस्तिशीचं असेल, दुपारीच ट्रेनने येऊन बसल्या होत्या. विमान रात्रभर थांबणार होतं, सकाळी पहिली फ्लाइट. त्या आधी मेन व्हीलजवळ गुडघ्यावर बसल्या, टायरच्या खाचा बघितल्या, मग मला म्हणाल्या पार्किंग ब्रेक लावायला सांगा. का, तर ब्रेकला एक छोटी पिन असते, ब्रेक झिजत जाईल तशी ती आत जाते, आणि तिची लांबी ब्रेक दाबलेला असतानाच खरी कळते. नवखा माणूस तशीच बघून 'ठीक' म्हणतो. तेव्हाच मला कळलं की आजची रात्र सोपी नाही. (तुम्ही खिडकीतून बघितले ते दोघे बहुधा हीच पिन नाहीतर टायरवरचा काप बघत असावेत.) मग बेली होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या सामानाच्या जागेत शिरल्या, आतल्या पॅनलला कुठे फाटलंय का, कारण ते पॅनल म्हणजे आग लागली तर ती आतच कोंडून ठेवणारी भिंत असते, बॅगा आपटून आपटून ती फाटते आणि लोडरला त्याचं काही पडलेलं नसतं. एक फाटलेलं मिळालं. मग केबिनमध्ये चार-पाच सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट, मागच्या गॅलीजवळच्या ऑक्सिजन बाटलीचं प्रेशर. एवढ्यात अर्धा तास गेला.

आणि मग त्या कॉकपिटमध्ये बसून टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची आणि दुरुस्त्यांची वही, वाचायला लागल्या.

इथे एमईएल म्हणजे काय ते सांगावं लागेल. विमानात बऱ्याच गोष्टी दोन-दोन, तीन-तीन असतात, सगळ्याच चालू असल्याशिवाय उडायचं नाही म्हटलं तर एकही विमान वेळेवर सुटणार नाही. म्हणून मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाचं पुस्तक असतं, डीजीसीएने मंजूर केलेलं. काय बंद असेल तर उडता येईल, कोणत्या अटींवर, आणि किती दिवसांत दुरुस्त करायचं. बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १० दिवस, डी ला १२०, ए ला त्या त्या ओळीत लिहिलेलं असेल तेवढे. ज्या दिवशी बिघाड नोंदवला तो दिवस धरत नाहीत. आमच्या त्या विमानाचं एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन जे जमिनीवर वीज आणि हवा देतं, ते ३ तारखेला बंद पडलं होतं. सी वर्ग, म्हणजे १३ तारखेच्या रात्री बारापर्यंत मुदत. एपीयू नसलं तरी बाहेरून वीज जोडून, हवेची गाडी लावून इंजिन सुरू करता येतं, त्यात बेकायदा काही नाही.

लॉगमध्ये १३ तारखेला रात्री २३:४० ला नोंद होती, 'सिस्टिम रीसेट केली, चेक केलं, समाधानकारक'. सही. म्हणजे बिघाड संपला. आणि १४ ला सकाळी ०६:१० ला पुन्हा तोच बिघाड, पुन्हा नवीन दहा दिवस. बाईंनी ते पान माझ्याकडे वळवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, स्टोअरला पार्टची मागणी कधी टाकली? मागणी टाकलीच नव्हती, कारण पार्ट नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी जे मागितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही: ग्राउंड पॉवर युनिटचं रजिस्टर. ती वीज देणारी गाडी आमची नव्हती, ग्राउंड हँडलिंगवाल्यांची होती, त्यांचं बिल तासावर बनतं म्हणून त्यांचा ड्रायव्हर वेळा अगदी चोख लिहितो. १३ तारखेला रात्री २३:०५ ला जोडली, सकाळी ०६:०० ला काढली, मध्ये खंड नाही. एपीयू सुरू करून चेक केलं असतं तर निदान पाच मिनिटं तरी ती वीज काढली असती. एपीयूचे स्वतःचे तास मोजणारा काउंटर असतो, तोही हललेला नव्हता.

माझी सही नव्हती, पण शिफ्ट माझी होती आणि काय चाललंय ते मला माहीत होतं, हे कबूल करतो. विमान तिथेच थांबलं, सकाळची फ्लाइट रद्द, पार्ट दुसऱ्या दिवशी आला. ज्याने सही केली त्याच्यावर कारवाई झाली, आणि कंपनीला सगळ्या स्टेशनवरचे मागच्या तीन महिन्यांचे पुढे ढकललेले सगळे बिघाड उघडून दाखवायला लागले, त्यात आणखी अशी काही पानं निघाली. मी क्वालिटीत गेलो तो या रात्रीनंतर. दोन वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले कागद शेजारी ठेवायचे, खोटं असेल तर तिथे फट दिसते, हे मी त्या बाईंकडून शिकलो.

तेव्हा 'कागदावर तपासणी' याला मी वाईट म्हणत नाही. विमान रात्रभर बघून जेवढं कळत नाही तेवढं चांगला माणूस रजिस्टरं बघून सांगतो. वाईट काय, तर एकच कागद बघून टिक मारणं.

आता तुमचा दीड तास. नेमकं काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण साधारण असं होतं: पायलटला किंवा इंजिनिअरला काहीतरी दिसतं, लॉगमध्ये लिहितात, लिहिलं की ते विमान कायद्याने थांबलं, मग कोणीतरी लायसन्सवाल्याने दुरुस्त करून किंवा एमईएलखाली टाकून सही केल्याशिवाय हलत नाही. ती सही कंपनीची नसते, त्या माणसाची असते, लायसन्स त्याचं जातं. शिवाय एमईएलमध्ये बसत असलं तरी कॅप्टन 'मी हे घेत नाही' म्हणू शकतो, आणि पावसाळ्यात मोपाला ढग खाली आलेले असताना असा नकार मी बऱ्याचदा ऐकलाय आणि मनातून बरं वाटलंय. म्हणून दीड तास थांबलात म्हणजे कोणीतरी पुस्तक उघडलं. माझ्या मते तुमच्या त्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, आईंना उकाडा झाला असेल तो भाग वेगळा.

टेपचं एका वाक्यात: ती घरातली टेप नसते, ॲल्युमिनियमची स्पीड टेप असते, कुठे किती लावायची ते दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि ती बहुतेक वेळा सीलंट सुकेपर्यंत किंवा पुढच्या मोठ्या चेकपर्यंत वारा-पाणी आत जाऊ नये म्हणून असते, पंख धरून ठेवायला नव्हे.

लोकांना कमी माहीत असलेला भाग म्हणजे डेटा. प्रत्येक उड्डाणाचा रेकॉर्ड विमानात साठतो, उतरताना किती जोरात टेकलं, किती उंचीवर वेग किती होता, वळताना किती कललं. २७,००० किलोपेक्षा जड विमानांना हा डेटा सतत बघत राहण्याचा कार्यक्रम आंतरराष्ट्रीय नियमानेच सक्तीचा आहे. कंपनीचा फ्लाइट सेफ्टी विभाग ते बघतो आणि डीजीसीए त्या विभागाला बघते: अमुक विमानतळावर तुमचे इतके अप्रोच, म्हणजे उतरायला खाली येणं, अस्थिर होते, मग काय केलंत? यातून पायलटला पकडायचं हा हेतू नाही, तसा वापर झाला की लोक लपवायला लागतात. म्हणूनच गो-अराउंड केला, म्हणजे उतरता उतरता परत वर गेला, तर त्याबद्दल पायलटला शिक्षा करायची नाही असा नियम आहे. जुलैत मोपाला नाहीतर दाबोळीला विमान खाली येऊन परत वर गेलं की आपले लोक देवाचं नाव घेतात, मी म्हणतो, पात्रांव, छान केलंस.

दारूचं विचारलं नाहीत पण गोवा आहे म्हणून सांगतो. उड्डाणाआधी १२ तास थेंबही नाही, आणि मशीनवर आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा सापडला तर लायसन्स ३ महिने बंद, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. माउथवॉश लावून आलेल्यालाही त्रास होतो. टेस्ट कॅमेऱ्यासमोर होते. आणि फक्त पायलटची नाही, आम्हा इंजिनिअर लोकांची, गाड्या चालवणाऱ्यांचीही अचानक होते. रात्रपाळीला नळीत फुंकून दिवस सुरू करणं हे माझ्या आयुष्यातलं नित्यकर्म होतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी कंपनी स्वतःला बघते, डीजीसीए त्या बघण्याला बघते, अधूनमधून खात्री करायला टॉर्च घेऊन येते, आणि बाकी वेळ डेटा आणि रिपोर्ट वाचते. आता दंडाचं.

तपासणीत जे मिळतं त्याला फाइंडिंग म्हणतात, त्याच्या दोन पातळ्या. लेव्हल वन म्हणजे धोका आहे, आत्ताच्या आत्ता थांबवा किंवा दुरुस्त करा. लेव्हल टू म्हणजे नियमाशी जुळत नाही पण विमान पडणार नाही, मुदत घ्या, दुरुस्त करा, आणि परत का होणार नाही ते लिहून द्या. पेपरात 'अमुक कंपनीत इतक्या त्रुटी' असं येतं तेव्हा त्यातल्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात, ट्रेनिंगची तारीख उलटली, मॅन्युअलची जुनी प्रत स्टेशनवर होती, असलं. मग शोकॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस, उत्तर, आणि पटलं नाही तर कारवाई. दंडाची वरची मर्यादा २०२० च्या कायद्यातल्या बदलाने १० लाखांवरून १ कोटी झाली, पण खरं सांगू, कंपनीला दंडाने फारसं काही होत नाही. दुखतं ते वेळापत्रकाला हात घातला की, नाहीतर वरच्या मंजूर माणसाला पदावरून काढायला लावलं की. २०२२ च्या जुलैचं उदाहरण घ्या. एका कंपनीच्या विमानांत ओळीने बिघाड झाले, डीजीसीएने पाच दिवसांत ४८ विमानांवर ५३ स्पॉट चेक केले, फार मोठं काही सापडलं नाही, तरी १० विमानं बिघाड काढल्याची खात्री दिल्याशिवाय वापरायची नाहीत असं सांगितलं, आणि महिनाअखेर त्यांची मंजूर उड्डाणं आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली. विचार असा की माणसं आणि पार्ट जेवढे आहेत तेवढंच उडा. सगळी बंद का नाही केली, हा तुमचा प्रश्न. बंद करायचा अधिकार आहे, पण तो शेवटचा, कारण कंपनी बंद पडली की तिची चांगली माणसं आठवड्यात निघून जातात आणि मग परत सुरू होते ती आणखी कमजोर होऊन.

आता कच्चे दुवे, ते लपवून उपयोग नाही. पहिला म्हणजे डीजीसीएकडे माणसं कमी आहेत, मंजूर जागांपैकी निम्म्याच्या आसपास रिकाम्या असल्याचं २०२५ ला संसदीय समितीसमोर आलेलं आहे. हे आजचं दुखणं नाही. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या डीजीसीएने, भारताला खालच्या श्रेणीत टाकलं त्यातलं एक मोठं कारण पुरेसे फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर नाहीत हेच होतं, २०१५ च्या एप्रिलमध्ये श्रेणी परत मिळाली. म्हणजे बघणाऱ्यालाही बघणारे आहेत, आयकाओ, म्हणजे विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना, तीही येऊन देशाचंच ऑडिट करते, २०२२ च्या नोव्हेंबरातल्या ऑडिटात आपल्याला ८५.६५ टक्के मिळाले, आधी सत्तरही नव्हते. गुण वाढले हे चांगलंच, पण गुण देताना नियम आणि व्यवस्था मोजतात, रिकाम्या खुर्च्या तिथेच राहतात.

दुसरा दुवा २०२५ च्या डिसेंबरात सगळ्यांनी बघितला, गोव्यातही कित्येक जण बॅगा घेऊन बसले होते. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर, तारखा बऱ्याच आधी जाहीर, आणि तरी एका मोठ्या कंपनीचं रोस्टर कोसळलं. शेवटी काही सवलती द्याव्या लागल्या आणि तिची १० टक्के उड्डाणं कापली. माझं स्पष्ट मत, इथे एकाच कागदावर टिक झाली. नियम लागू करायची तारीख बघितली, पण हिवाळ्याचं वाढीव वेळापत्रक आणि पायलटांची संख्या कोणी शेजारी शेजारी ठेवून बघितली नाही. त्या ग्राउंड पॉवरच्या रजिस्टरवाल्या बाईंना विचारलं असतं तर एका रात्रीत सांगितलं असतं.

परिस्थितीवर अवलंबून असलेलंही सांगतो. मोपाला विमानतळाचं लायसन्स डीजीसीएचं आहे, रनवेवरच्या दिव्यांपासून फायर ब्रिगेडपर्यंत तिथे त्यांचा हात पोचतो. दाबोळी नौदलाचं, रनवे आणि एटीसी, म्हणजे विमानांना वाट दाखवणारा कंट्रोल, त्यांच्याकडे, आपला फक्त सिव्हिल भाग, तिथे डीजीसीए कंपनीला बघते पण जमिनीला वेगळे मालक आहेत. सीझनला रशियाकडून वगैरे चार्टर येतात, त्यांची मुख्य जबाबदारी त्यांच्या देशाच्या नियामकाची, आपले लोक रॅम्पवर जाऊन कागद, टायर, बेल्ट बघू शकतात आणि गंभीर असेल तर थांबवू शकतात, पण त्यांच्या हँगरपर्यंत जाऊ शकत नाहीत. परदेशी कंपनीकडून क्रूसकट भाड्याने घेतलेलं विमान असेल तर तसंच काहीसं. आणि अपघात झाला तर चौकशी डीजीसीए करत नाही, एएआयबी ही वेगळी संस्था करते, कारण निगराणीत कसूर झाली का हेही त्यांना बघायचं असतं. २७ डिसेंबर २०१६ ला पहाटे दाबोळीला १६१ माणसं असलेलं विमान टेकऑफ घेताना रनवेवरून घसरलं होतं, सगळे वाचले, त्याचीही चौकशी त्यांनीच केली. बॅगेत काय आहे, गेटवर कोण शिरलं, हे बघणारे बीसीएएस म्हणून तिसरेच, लोक ही सगळी एकत्र करतात.

मग आईंना कशाने न्यायचं? विमानाने न्या. दंडाच्या बातमीवरून कंपनी निवडू नका, ज्या कंपनीची बातमी नाही तिच्याकडे कोणी गेलंच नसेल असंही असू शकतं. एखाद्या कंपनीचे पगार थकलेत, विमानं भाड्यापायी परत जातायत, पार्टसाठी एका विमानाचे तुकडे दुसऱ्याला लावतायत अशा बातम्या महिनोन्‌महिने येत असतील तर मात्र मी स्वतः टाळतो, हा माझा खाजगी नियम आहे, डीजीसीएचा नाही. बाकी आमच्याकडे म्हणतात तसं, भिवपाची गरज ना.

आणि पुढच्या वेळी सीटचा बेल्ट नीट लागत नसेल, सीटखाली लाइफ जॅकेट हाताला लागत नसेल, तर फोटो काढून नंतर टाकत बसू नका. दार बंद व्हायच्या आधी क्रूला सांगा आणि 'केबिन लॉगमध्ये लिहा' असं म्हणा. लिहिलं की खालून माझ्यासारखा कोणीतरी शिव्या घालत वर येईल, पण येईल.